वाऱ्याच्या वरच्या अंगाला

कुठेही बसण्याआधी ते वारा बघत. ऑफिसात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर स्मशानातसुद्धा. खाली वाकून चिमूटभर धूळ उचलायची, बोटांतून सोडायची, ती कुठे जाते ते डोळे बारीक करून पाहायचं आणि मग वारा जिकडून येतो त्या बाजूची जागा धरायची. पंगतीत त्यांच्यासाठी पान मांडलेलं असलं तरी ते उचलून दुसरीकडे नेत. लोक हसत. कोणी कारण विचारलंच तर अगदी शांतपणे सांगत, "काय फुटला तर तू मरतलंस, मी ऱ्हवतलंय." आणि भाताला आळं करायला लागत.

मी बी.एस्सी. झाल्यावर कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागले, तिथे ते होते. लहानसं ऑफिस, मागे पत्र्याचं गोडाऊन, पुढे गाड्या लावायला जांभा दगडाचं अंगण. बर्फाच्या कारखान्यांना लागणारे अमोनियाचे सिलिंडर, दोडामार्गच्या रबरवाल्यांसाठी फॉर्मिक ॲसिडचे कॅन, बॅटरीचं ॲसिड, असा सगळा माल आमच्याकडे यायचा. ज्याच्या अंगावर टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात कवटी नाहीतर ज्वाळा काढलेली असते, तो आमचा माल. गाडीत तो नीट लागलाय का, ड्रायव्हरला त्यातलं काय माहीत आहे, हे बघून गाडी सोडायची, हे त्यांचं काम. ड्रायव्हर त्यांना म्हाराज म्हणत. आधी मागे म्हणत, मग तोंडावर. मी काका म्हणायची.

त्यांना वास येत नसे. तरुणपणी ते मालवणात एका बर्फाच्या कारखान्यात होते. तिथे अमोनियाचा पाइप फुटला. छाती कायमची अधू झाली आणि नाक गेलं. "नाक बर्फाच्या फॅक्टरीत ऱ्हवला," असं ते सांगत, जसं कोणी छत्री एसटीत राहिली म्हणून सांगतं. पण ती गेलेली वस्तू ते दिवसभर शोधत असत. डबा उघडला की शेजाऱ्यापुढे धरायचा, "वास येता?" पाऊस पडून अंगण भिजलं की, "वास येता?" देवळातून आणलेलं फूल असो, ड्रायव्हरचा शर्ट असो, नवी वही असो. आपण हो म्हटलं की ते समाधानाने मान हलवत. कसला, हे मात्र कधी विचारत नसत.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्या टेबलावरचा फोन वाजला की मी तो वाजू द्यायची. अनोळखी माणसाशी बोलणं मला जमत नाही. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली. घरी मालवणी, शाळेत इंग्रजी आणि मधलं मराठी नेमकं कुणाशी बोलायचं ते मला कधी कळलं नाही. मालकांनी हे बघितलं असतं तर मी महिन्यात घरी गेले असते. काकांनी आधी बघितलं.

"बाय, तुका बोलूक आवडत नाय?"

मी मान हलवली.

"बरा. माझ्या वांगडा गोडाऊनात चल. बोलूचा नाय. फक्त वास घेवचो. इलो, तर हात वर करूचो."

तेव्हापासून रोज सकाळी मी सिलिंडरच्या रांगांमधून चालायची आणि ते माझ्या मागून यायचे, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. अमोनियाचा वास केस काळे करायच्या डब्यासारखा असतो, फक्त कितीतरी पटींनी तिखट. नाकात सुई गेल्यासारखा. मी हात वर केला की ते तिथे थांबत, साबणाचं पाणी लावत, बुडबुडा दिसला की त्या सिलिंडरवर खडूने फुली मारून तो बाजूला उभा करत. ज्यात बोलावं लागत नाही असं काम मला पहिल्यांदाच कोणीतरी दिलं होतं.

यातला एक भाग मात्र लाजिरवाणा होता. माल भरलेल्या गाडीत विडी-काडी न्यायची नाही म्हणून त्यांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला होता. ड्रायव्हरने निघताना काडेपेटी, लायटर, विड्या सगळं त्यात टाकायचं. टाकलं की नाही याची खात्री करायला ते ड्रायव्हरला बोटं पुढे करायला लावत. पण हुंगणार कोण? ड्रायव्हर माझ्या नाकापुढे बोटं धरत आणि दुसरीकडे बघत. मीही दुसरीकडे बघे. बाबलो नावाचा एक ड्रायव्हर होता. तो आधी लिंबाचं पान चोळून यायचा.

"वास येता गो? लिंबाचो?" काका विचारत.

मी मान हलवायची.

"मगे ओढलली हा. मेल्या, इतकी लिंबा खंय मिळतत तुका?"

"म्हाराज, बायलेन सरबत केल्यान."

"बोटांनी ढवळलंस सरबत?"

बाबलो हसत हसत खिशातून काडेपेटी काढून डब्यात टाकायचा. परत आल्यावर ती डब्यातून उचलताना मला म्हणायचा, "बाय, तुझा नाक पोलिसात जावक होया होता." माझ्याशी असं सहज बोलणारा तिथे तो एकटाच होता. पस्तिशीचा, काळा, दात पुढे. भजनात वरचा सूर लावणारा.

काकांच्या गळ्यात बाराही महिने एक ओला पंचा असे. वाळला की ते पुन्हा भिजवत. पावसाळ्यात त्याला कुबट वास येई, पण तो त्यांना येत नसे आणि सांगायची कोणाची छाती नव्हती. अमोनिया पाण्यात विरतो, तोंडावर ओलं फडकं असलं की चार श्वास जास्त मिळतात, हे त्याचं कारण. प्रत्येक ड्रायव्हरने तसा पंचा आणि पाण्याची एक वेगळी बाटली बाळगायची. त्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा. ते पाणी प्यायचं नाही. मे महिन्यात घसा कोरडा पडला तरी नाही.

माल भरलेल्या गाडीत ड्रायव्हर सोडून कोणाला बसवायचं नाही, हाही नियम. आमच्याकडे तो पाळणं कठीण. एसटी दिवसातून मोजक्या, रस्त्यावर कोणीतरी हात दाखवतंच, आणि तो कोणीतरी कुणाचा तरी मामा असतो. एकदा ॲसिडचे कॅन घेऊन जाणाऱ्या टेंपोत काकांची बायकोच बसली. माहेरी निघाली होती, डोक्यावर ऊन, ड्रायव्हरने ओळखून गाडी थांबवली. हे त्यांना फोनवर कळलं. त्यांनी त्याला धामापूरच्या तळ्याजवळ गाडी उभी करायला लावली आणि तिला उतरवलं. दुपारची एसटी येईपर्यंत ती बाई पिशवी मांडीवर घेऊन तळ्याकाठी बसून होती. पुढे मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा काकींनीच मला हे सांगितलं. "माका म्हणतत, माजी बायल म्हणान ॲसिड तुका वळाकतला काय?" एवढं बोलून त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी सोलकढी घेऊन आल्या.

गाऱ्हाण्याची सुरुवात मात्र माझ्या टेबलावर झाली.

प्रत्येक मालाबरोबर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एक सूचनापत्र ठेवावं लागतं. माल कोणता, अपघात झाला तर काय करायचं, काय करायचं नाही. ती पत्रकं कंपन्यांकडून इंग्रजीत यायची. त्यांचं मराठी करायचं काम माझं. मी शब्दकोश घेऊन बसले आणि 'संक्षारक', 'ज्वलनशील', 'श्वसनमार्गास इजा' असं सगळं नीट लिहिलं. काकांनी ते वाचलं.

"छान आसा," ते म्हणाले. "बाबल्याक ज्वलनशील म्हणजे काय ता समजासर गाडी जळान जायत."

मग त्यांनी खुर्ची वाऱ्याच्या बाजूला ओढली आणि मला एकेक ओळ वाचायला सांगितली. मी वाचायची, त्याचा अर्थ सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच त्यांनी हात जोडले आणि देवळात गावाचा मानकरी, गावकर, घालतो तसं गाऱ्हाणं घालायला लागले.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. पेरणी असो, लग्न असो, होडी पाण्यात लोटायची असो. एक जाणता माणूस देवाला एकेक गोष्ट सांगतो, मागतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लहान मूलसुद्धा म्हणतं. त्याला आणखी काही येत नसलं तरी हे येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ड्रायव्हर, हमाल सगळ्यांना अंगणात गोल उभं केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा गाडी घेवन भायर पडतत."

"व्हय म्हाराजा."

"बाटले उभे आसत, दोरी करकचान बांदलली हा."

"व्हय म्हाराजा."

"बाटल्यांच्या टोप्यो घट्ट आसत."

"व्हय म्हाराजा."

"विडी-काडी डब्यात आसा. पंचो ओलो आसा. लाल दोऱ्याचा पाणी कोणी पिवक नाय."

"व्हय म्हाराजा."

"काय फुटला, तर गाडी घरांपासून लांब उभी करून वाऱ्याच्या वरसून जातले. माणसांका वाऱ्याच्या वरसून नेतले."

"व्हय म्हाराजा."

बाटलो म्हणजे सिलिंडर आणि टोपी म्हणजे त्याच्या तोंडावर आट्यांनी बसवायचं लोखंडी झाकण. आतल्या नाजूक व्हॉल्व्हला मार लागू नये म्हणून.

बाबल्याचा आवाज सगळ्यांत वर असायचा. त्याच्या सुरात बाकीचे मिळत. मी ऑफिसच्या दारात उभी असायची. मी कधी म्हटलं नाही, पण एक दिवसही चुकवलं नाही. ज्यांनी सूचनापत्रावर कधी नजर टाकली नव्हती त्या ड्रायव्हरांना महिन्याभरात सगळे नियम तोंडपाठ झाले. मालकांनी मोबाईलवर चित्रीकरण करून सगळीकडे पाठवलं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते दोनदा बघितलं आणि म्हणाले, असं प्रशिक्षण मी कुठे पाहिलं नाही. काका त्या दिवशी इतके खूश होते की वारा न बघताच खाली बसले.

ते गाऱ्हाणं चांगलंच होतं. आजही मला तसंच वाटतं. म्हणून पुढचं लिहिणं जड जातं.

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठायला आली की बर्फाचे कारखाने चालू होतात आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात अमोनिया हवा असतो. होड्या समुद्रात जाणार, तर बर्फ आधी तयार पाहिजे. ती सकाळ तशीच होती. पाऊस चालू, फोन थांबत नव्हते, मालक अंगणात छत्री धरून उभे. अंतू नावाचा आमचा जुना हमाल गाडी भरत होता. एका सिलिंडरच्या टोपीचे आटे झिजले होते. ती बसली, पण फिरेना. तो सिलिंडर बदलायचा म्हणून त्याने टोपी नुसतीच वर ठेवली. तेवढ्यात काकांनी हात जोडले. मालकांना घाई होती.

"टोप्यो घट्ट आसत."

"व्हय म्हाराजा."

मी दारात होते. वास नव्हता. व्हॉल्व्ह बंद असला की वास येत नाही.

बाबल्याने काडेपेटी डब्यात टाकली, माझ्याकडे बघून बोटं हलवली आणि निघाला.

पावसात बांधलेला सुंभ ओला असतो तोवर घट्ट असतो. चौके गावाच्या पुढे ऊन पडलं. सुंभ सुकला, सैल पडला. मालवणकडे उतरताना एका वळणावर गुरं आडवी आली, बाबल्याने ब्रेक दाबला आणि मागे एक सिलिंडर आडवा झाला. टोपी उडाली. व्हॉल्व्ह गाडीच्या मागच्या फाळक्याच्या लोखंडावर आपटला आणि मोडला.

त्यानंतर त्याने काय काय केलं ते तिथल्या दुकानदाराने नंतर सांगितलं. गाडी घरांपासून पुढे नेऊन मोकळ्या सड्यावर, खडकाळ माळावर उभी केली. इंजिन बंद केलं. लाल दोऱ्याची बाटली पंच्यावर ओतली, पंचा तोंडाला बांधला. खाली वाकून धूळ उचलायला गेला, पण जमीन ओली होती. मग गवत उपटून उडवलं. दुकानातल्या माणसांना, शाळेतून येणाऱ्या मुलींना वाऱ्याच्या वरच्या अंगाला पिटाळलं. एकही गोष्ट चुकली नाही. पांढरा ढग रस्त्यावरून खालच्या वळणाकडे उतरत होता. आणि खालून मालवणची एसटी चढत येत होती, तिचा हॉर्न ऐकू आला.

एसटीबद्दल गाऱ्हाण्यात काही नव्हतं. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला धावला. ढगातून पलीकडे गेला. दोन्ही हात वर करून त्याने गाडी थांबवली, एसटीच्या ड्रायव्हरने ती उलटी मागे घेतली. बाबल्याला मात्र वर यायला दम राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात वारला.

मालकांनी वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं की गाडी वेगात होती. मग अशी गोष्ट फिरायला लागली की वाटेत थांबून त्यानेच टोपी काढली असणार, विडी ओढत असणार. बाबल्याच्या दारात लोक भेटायला येत आणि परत जाताना कुंपणाच्या गडग्यापाशी हेच बोलत. त्याच्या आईला ते ऐकू येई. काका तिला भेटून आले. त्या दिवशी त्यांनी पंचा भिजवला नाही, तो गळ्यातच वाळून कडक झाला.

अंतू तेराव्यानंतर ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. आत मी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"म्हाराज, ती टोपी फिरत नव्हती. माका म्हायत होता."

काका अंगणात होते, ते पायरीपाशी आले. मग विचारलं, "मगे सांगलंस कित्याक नाय?"

"गाऱ्हाणा चालू झाला."

"अरे, म्हणान काय झाला? मी इचारलंय मां, टोप्यो घट्ट आसत म्हणान?"

"म्हाराज," अंतू रडत होता, पण त्याच्या आवाजात आश्चर्यही होतं, इतकी साधी गोष्ट यांना कळत कशी नाही म्हणून. "गाऱ्हाण्यात नाय कसा म्हणतले?"

काकांनी वाकून धूळ उचलली. ती मुठीत तशीच राहिली, सोडली नाही.

खरंच म्हणत नाहीत. मी जन्मापासून गाऱ्हाणी ऐकत आले. शेतं बुडालेल्या वर्षी 'पीकपाणी बरा होवदे' ला व्हय म्हटलेलं ऐकलंय, वेगळी राहायला निघालेली भावंडं 'एक दिलान ऱ्हवतले' ला एका सुरात व्हय म्हणताना बघितलीत. अपशकुन कोण करणार? आम्ही ज्याला तपासणी समजत होतो ती प्रार्थना होती. आणि हे तिथल्या प्रत्येकाला आतून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी गाऱ्हाणं सुरूच केलं नाही. ड्रायव्हर अंगणात गोल उभे राहिले होते.

"म्हाराज, गाऱ्हाणा घाला. बाबल्याचा असा झाला, आता तर घालूकच होया. नायतर आमी गाडी काढूचे नाय."

"घालतंय," काका म्हणाले. "पण आजपासून ह्या गाऱ्हाण्याक कोणी व्हय म्हणूचा नाय. तुमच्यातल्या कोणीतरी एकान नाय म्हणूक होया. जासर कोण नाय म्हणना नाय, तासर गाडी सुटाची नाय."

कोणालाच समजेना. काकांनी सुरुवात केली. दोरी बांधलेली आहे म्हणाले. सगळे गप्प. टोप्या घट्ट आहेत म्हणाले. गप्प. ते शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ऊन चढलं. मालक दोनदा बाहेर येऊन गेले. तिसऱ्या वेळी दोरीपाशी आल्यावर सगळ्यांत म्हातारा ड्रायव्हर पुढे झाला, त्याने गाडीवर चढून दोरीत बोट घातलं. बोट आत गेलं.

"नाय," तो म्हणाला, इतक्या हळू की जणू आईला शिवी दिली.

"परत बांदा," काका म्हणाले.

पुढे ती सवय पडली. कोणी चाकातली कमी झालेली हवा दाखवी, कोणी कॅनचं ओलं बूड. एकदा काहीच सापडेना तेव्हा एक जण वैतागून म्हणाला, "माजा पायताण तुटला हा, ता चलता?" सगळे हसले. काका हसले नाहीत. "तुटलला पायताण ब्रेकाखाली गेला तर काय जाता? जा, दुसरा घाल." गाड्या उशिरा सुटायला लागल्या. मालवणहून बर्फवाल्यांचे फोन येत, मासे कुजतायत म्हणून. मालक मला सांगत, काकांना समजाव. मी मान हलवायची आणि समजावायची नाही.

चौकशीचे साहेब आले तेव्हा जबाब टाइप करायला मी होते. मालक आदल्या संध्याकाळी काकांशी बराच वेळ बोलले होते. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं. टोप्या तपासल्या होत्या, गाडी नीट सोडली, पुढचं ड्रायव्हरला माहीत. मेलेल्या माणसाला आता काय होणार आहे, असं मालक म्हणाले होते. मला वाटतं ते दुष्ट नव्हते. घाबरले होते.

ऑफिसात साहेब बसल्यावर काका शुद्ध मराठी बोलत. कडक इस्त्री केलेलं, कॉलर टोचेल असं.

"गाडी रवाना करण्यापूर्वी आपण सर्व टोप्या तपासल्या होत्या?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

मालक पुढे सरकले. "काका, नीट आठवा. आपण रोज सगळं विचारतो. रोजचा शिरस्ता आहे आपला."

"विचारतो. त्या दिवशीही विचारलं. हात लावून बघितलं नाही." मग साहेबांकडे वळून ते म्हणाले, "टोपी इथूनच सैल गेली. सुंभही इथेच बांधला. बाबल्याने काही काढलं नाही, तो थांबला नाही. हे तसंच लिहा."

"टोपी कोणी बसवली होती?"

"गाडी मी सोडली."

अंतू बाहेर पायरीवर होता. साहेबांनी पुन्हा विचारलं, काकांनी पुन्हा तेच सांगितलं. मी टाइप करत होते. सही करून झाल्यावर ते पेन खाली ठेवता ठेवता शुद्ध मराठीतून घसरले, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "सगळे व्हय म्हणत, ता आयकान माका बरा वाटायचा." ते मी लिहिलं नाही. त्याचा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

बाबल्याच्या आईच्या गडग्यापाशी मग ती गोष्ट थांबली. काकांच्या नावावर खटला लागला, तो शेवटपर्यंत संपलाच नाही. मालकांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

ते आले. गेटच्या बाहेर, रस्त्याखालून पाणी जाणारी एक मोरी आहे, तिच्या कठड्यावर धूळ उडवून वाऱ्याच्या वरच्या टोकाला बसले. मालकांनी वॉचमनला त्यांना उठवायला पाठवलं. वॉचमन गेला, त्यांच्याशी चार शब्द बोलला आणि त्यांना चहा घेऊन गेला. ते कोणत्याही गाडीला हात दाखवत नसत. पण गेटमधून बाहेर पडलेली प्रत्येक गाडी मोरीपाशी थांबायची. ड्रायव्हर उतरायचा, मागे जाऊन टोप्यांवरून हात फिरवायचा, दोरीत बोट घालायचा, आणि मग जायचा. बोलणं काही नाही. आत कोणी नवीन माणूस हातात कागद घेऊन खुणा करत असायचा. त्याच्याकडे सगळं बरोबर असायचं.

पावसाळा आला तसे ते मोरीवर दिसेनासे झाले. छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली होती. त्या जुन्या अमोनियाचं राहिलेलं आता पूर्ण व्हायला लागलं होतं. काही महिन्यांनी इस्पितळातून घरी पाठवलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

मी एसटीने गेले आणि थांब्यापासून चालत. दुपार होती. ओटीवर चपलांचा ढीग. आत त्यांची खाट खिडकीला लावलेली, वारा खिडकीतून आधी त्यांच्यावर येईल अशी. काकी उशाशी. माणूस एवढासा झाला होता. पंचा गळ्यात होता, ओला.

त्यांनी मला ओळखलं. जवळ बोलावलं. श्वासाच्या मध्ये मध्ये शब्द ठेवत विचारलं, "वास येता?"

खोली फिनेलने पुसलेली होती. उदबत्ती होती. त्याखाली आणखी एक वास होता. इतके महिने अंथरुणावर पडलेल्या अंगाचा, आतून नासत चाललेल्या श्वासाचा. काकींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मी काय म्हणावं ते स्पष्ट होतं. सगळे बघत होते.

मी हात वर केला.

काकांनी समाधानाने मान हलवली. कसला, ते विचारलं नाही.

थोड्या वेळाने गावकर आला. त्याला मुद्दाम बोलावला होता. नारळ ठेवला, हात जोडले, सगळे उभे राहिले. त्याचा आवाज मोठा होता, त्या खोलीला फार मोठा.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आजारान पडला हा."

"व्हय म्हाराजा."

"तेका गुण दी. तेका उठान बसव. पैल्यासारको चलतो-फिरतो कर."

"व्हय म्हा..."

"नाय," खाटेवरून आवाज आला.

सगळ्यांचं व्हय अर्धवट राहिलं. अशा वेळी काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, गावकरालाही नाही. गाऱ्हाण्यात त्याला जागा नव्हती. तो जोडलेल्या हातांनी तसाच उभा राहिला. काकी खाली वाकल्या. "गप ऱ्हवा हो," त्या म्हणाल्या. "त्येंका म्हणूक दिया."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग गावकराकडे. पुन्हा म्हणाले नाहीत. एकदा म्हटलं होतं, तेवढं पुरे होतं. दोरी सैल आहे हे सांगितलं की पुन्हा बांधायचं काम बांधणाऱ्याचं.

गावकर म्हातारा होता. त्याने घसा साफ केला. दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली आला होता, शेजारच्या माणसाशी बोलावं तसा.

"बा देवा म्हाराजा. ह्येका जास्ती तरास दी नको. ह्येका सुखान ने."

कोणी तोंड उघडलं नाही. काकींनी पदर दातांत धरला. बाहेर कोणाच्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून ओठ हलले ते मला दिसले.

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले. एकटेच.